मोजून बोलायला शिकवणाऱ्या मेस्त्रींस अनावृत आभारपत्र

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

माझ्या वडिलांच्या बुलेटच्या नोंदणीचे नूतनीकरण नुकतेच पार पडले. ज्या गाडीबद्दल मी विचारलेल्या बहुतेकांनी ‘भंगारात घाला’ एवढाच सल्ला दिला होता, ती आणखी पाच वर्षे कायदेशीरपणे रस्त्यावर राहणार आहे आणि त्याचे श्रेय सर्वस्वी तुमचे आहे. तुमची मजुरी मी दिली, पण मजुरीने फिटणारा भाग या व्यवहारात फार थोडा होता. डिचोलीतील तुमच्या गॅरेजसमोरच्या पत्र्याच्या छपराखाली दर शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा सगळ्यांना तुम्ही जे दिलेत, त्याबद्दल चारचौघांच्या देखत लिहावे असे फार दिवस मनात होते. जुन्या गाड्या घरात असलेल्या इतर गोमंतकीय वाचकांनाही त्यातून काही घेता येईल, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

गाडी तुमच्याकडे आणली तेव्हा तिची अवस्था किती वाईट होती, हे तुम्हाला आठवत असेलच. आपल्याकडे पावसाचे चार महिने आणि समुद्रावरून येणारी खारी हवा यांच्यापुढे उघडे लोखंड टिकत नाही. टाकीच्या तळाशी गंजाचा थर होता, कार्बुरेटरच्या फ्लोटच्या वाटीत पाणी साचले होते आणि लोखंडी सिलिंडरच्या आत रिंगा चिकटून बसल्या होत्या. इतरांनी न पाहताच ‘बोर करावे लागेल’, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करावा लागेल, असे सांगितले होते. तुम्ही मात्र सिलिंडर स्वच्छ पुसून, वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर, प्रत्येक पातळीवर दोन दिशांनी व्यास मोजलात आणि आकडे वहीत लिहून मला दाखवलेत. मूळ बोर, म्हणजे आतला व्यास, ७० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९० मिलिमीटर, म्हणून इंजिन ३४६ सीसीचे. रिंग जिथून परत फिरते त्या वरच्या भागात झीज सर्वांत जास्त असते आणि खालचा भाग जवळजवळ मूळ मापाचा राहतो, हे तुम्ही आकड्यांवर बोट ठेवून समजावलेत. जेवढी झीज तेवढेच बोरिंग, कारण प्रत्येक बोरिंग सिलिंडरच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होते, असे सांगून तुम्ही पहिल्या ओव्हरसाइझवरच, म्हणजे मूळ मापाच्या लगेच पुढच्या मापावरच, थांबलात. सिलिंडर सरळ शेवटच्या मापापर्यंत कापून देणे तुम्हाला सोपे होते आणि मला त्यातले काही कळलेही नसते.

त्यानंतर ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचे अंतर फिलर गेजच्या पातळ पट्टीने लावणे, पॉइंट नेमके कोणत्या क्षणी उघडतात हे त्यांच्यामध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून ओळखणे, इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह उघडणारा पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये हे तपासणे, ही सगळी कामे तुम्ही माझ्याच हातून करून घेतलीत. अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा आणि मगच पूर्ण किक मारायची, हा क्रम वडील पाळत असत. त्यामागचे कारण मला तुमच्याकडे कळले. सिंगल सिलिंडरच्या या इंजिनात पिस्टन नेमका कुठे आहे याची खूण तो काटाच देत असतो, हे एकदा ध्यानात आल्यावर त्या गाडीशी झटापट करण्याची गरजच उरली नाही.

आता शनिवारच्या बैठकीविषयी. बिअरची बाटली कधी उघडायची याचा तुमचा नियम आमच्या मंडळीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला आधी ऐकवला जातो. सगळे पाने ट्रेमध्ये परत येऊन मोजले जाईपर्यंत, पेट्रोलची भांडी झाकली जाईपर्यंत आणि ज्याला प्यायची आहे त्याची चावी तुमच्या लाकडी पेटीत पडेपर्यंत थंड किंग्स बिअर बर्फातच राहते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे. परंतु ती मर्यादा अंदाजाने ओळखता येते असे समजणारा माणूस टायरची हवासुद्धा लाथ मारून ओळखणारा असतो, असे तुम्ही म्हणता आणि पायलटला, म्हणजे आपल्याकडच्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, स्वतः हाक मारून प्यालेल्या माणसाला त्याच्या मागे बसवून घरी पाठवता. मार्च-एप्रिलमध्ये कोणीतरी सत्तरी तालुक्यातून हुर्राक, म्हणजे काजूची हंगामी दारू, आणतो, त्यात लिंबू सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची पडते, तेव्हाही हा नियम सैल होत नाही. आमच्यापैकी कित्येकांच्या घरची माणसे शनिवारी निर्धास्त झोपतात, ती तुमच्यामुळे. त्यांच्या वतीनेही मी तुमचे आभार मानतो.

त्या बैठकीत आम्ही जे वाद घातले, त्यांतले निम्मे तरी अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरचे होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवरच्या त्या पांढऱ्या सपाटीवर कोण किती वेगाने गेला, हा विषय रोस ऑम्लेट संपून पाव कोरडे पडले तरी संपत नसे. रॉली फ्री या अमेरिकी स्वाराने १३ सप्टेंबर १९४८ रोजी व्हिन्सेंट मोटारसायकलवर पोटावर आडवे होऊन, पाय मागे सरळ ताणून ताशी १५०.३१३ मैलांचा वेग गाठला, हे आम्ही सगळेच जाणत होतो. आधीच्या धावेत त्यांचा चामडी पोशाख वाऱ्याने फाटला होता, म्हणून तो उतरवून निव्वळ पोहण्याच्या चड्डीवर ते पुन्हा गाडीवर आडवे झाले, याचे आम्हाला धाडस म्हणून कौतुक होते. तुम्ही त्यातले गणित दाखवलेत. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने वाढते. म्हणजे १८ अश्वशक्तीची जी गाडी कशीबशी ताशी ११० किलोमीटरपर्यंत जाते, तिला २२० पर्यंत न्यायचे तर साधारण आठपट, म्हणजे १४४ अश्वशक्ती लागेल. इंजिनातून एवढी ताकद काढता येत नसेल, तर वाऱ्यासमोर येणारे आपले अंग कमी करावे लागते. फ्री आडवे झाले ते यासाठी. हे तुम्ही वर्कशॉपच्या दारावर खडूने लिहून दाखवलेत, तेव्हा आमच्यातल्या अभियांत्रिकी शिकलेल्या दोघांनीही वह्या काढल्या होत्या.

आणि मग तो दिवस आला, ज्याबद्दल मला तुमचे सर्वाधिक आभार मानायचे आहेत. आमच्यातील एका मित्राचे म्हणणे होते की त्याची बुलेट १४० ने जाते, काटा त्याने स्वतः पाहिला आहे. दुसऱ्याने १३० सांगितले, तिसऱ्याने आवाज चढवला. अशा वेळी तुम्ही कोणालाही खोटे पाडत नाही. तुम्ही विचारलेत की काटा काय दाखवतो ते कळले, गाडी किती वेगाने गेली ते कोणी मोजले आहे का? त्याच आठवड्यात रविवारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, किलोमीटरच्या दोन दगडांमधल्या सरळ तुकड्यावर तुम्ही आम्हाला नेलेत. कोणीही वेगमर्यादा ओलांडायची नाही ही अट होती आणि त्यामुळे काही बिघडतही नव्हते, कारण काटा १४० वर खोटे बोलत असेल तर तो ६० वरही खोटेच बोलणार. काटा ६० वर स्थिर धरून किलोमीटर पार केला, तर ६० सेकंद लागायला हवेत. लागली ६६. म्हणजे खरा वेग ताशी साडेचोपन्न किलोमीटरच्या आसपास होता. स्पीडोमीटरने कधीही कमी दाखवू नये असा दंडक असल्यामुळे कारखाने तो थोडा जास्तच दाखवणारा बनवतात, आणि झिजलेल्या टायरचा घेर कमी झाला की फरक आणखी वाढतो, हे तुम्ही तिथेच रस्त्याकडेला उभे राहून सांगितलेत.

त्यानंतर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर टेपची खूण केलीत आणि मूठ त्याच खुणेवर धरून एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे जायला सांगितलेत. जाताना आणि येताना लागलेल्या वेळात चांगलाच फरक पडला. रस्ता आम्हाला सपाट वाटत होता, तो नव्हता. वारा आम्हाला जाणवत नव्हता, तो होता. मोटारसायकलच्या जागतिक विक्रमासाठी दोन्ही दिशांनी धावावे लागते आणि दुसरी धाव दोन तासांच्या आत पूर्ण करावी लागते, हा नियम मी पूर्वी वाचला होता. परंतु तो का केला असावा, हे त्या पहाटे पटले. रॉकी रॉबिन्सन यांनी २०१० साली सुझुकी हायाबुसाच्या दोन इंजिनांच्या अ‍ॅक अटॅक या वाहनातून ताशी ६०५.६९७ किलोमीटरचा विक्रम केला, तोही याच रीतीने मोजलेला असल्यामुळेच विक्रम ठरला. त्या रविवारपासून आमच्या बैठकीतल्या बोलण्याची रीतच बदलली. गप्पा कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या, पण आता कोणी आकडा सांगितला की तो कसा मोजला हेही सांगतो.

तुमच्या भिंतीवरच्या फळीचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जळून भोक पडलेले पिस्टन, वाकलेले व्हॉल्व्ह, तुटलेले कनेक्टिंग रॉड तुम्ही तिथे तारखेसह मांडून ठेवता आणि प्रत्येकाला चिकटवलेल्या कागदावर कारण लिहिता: हवा जास्त, पेट्रोल कमी, ऑइलची वाट चोंदलेली, ठिणगीचे टायमिंग पुढे. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल शहरात बर्ट मन्रो नावाचे गृहस्थ अशीच फळी ठेवत आणि तिच्यावर ‘वेगाच्या देवाला अर्पण’ अशा अर्थाचे शब्द लिहीत, हे मी तुम्हाला सांगितले, तेव्हा तुम्ही मला त्यांची संपूर्ण हकीकत सांगायला लावलीत. १९२० ची ६०० सीसीची इंडियन स्काउट, मूळ वेग ताशी ५५ मैल. ती त्यांनी चार दशकांहून अधिक काळ स्वतःच्या शेडमध्ये बदलत नेली, जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत पिस्टन ओतले आणि १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, बॉनव्हिलवर १००० सीसीखालील गटात विक्रम केला. तुम्हाला सर्वांत अधिक भावला तो या हकीकतीचा शेवटचा भाग. त्यांच्या नावावर ताशी १८३.५८६ मैल असा वेग नोंदला गेला होता. पुढे त्यांच्या मुलाला जुन्या कागदांत सरासरी काढताना झालेली चूक आढळली आणि २०१४ साली, मन्रो यांच्या निधनाला ३६ वर्षे झाल्यानंतर, अमेरिकी मोटारसायकल संघटनेने तो आकडा १८४.०८७ असा दुरुस्त केला. अर्ध्या मैलासाठी कोणीतरी कागद पुन्हा तपासले, याचे तुम्हाला झालेले समाधान मी विसरलेलो नाही.

बॉनव्हिलच्या मिठाचा विषय निघाला की तुम्ही आगरवाड्याच्या मिठागरांकडे वळता, आणि ते योग्यच आहे. त्या मैदानावरून परतलेली प्रत्येक गाडी स्पर्धक आधी धुतात, कारण मीठ सांध्यासांध्यांत शिरते. आपल्या किनाऱ्यावर फिरून आलेली गाडी गोड्या पाण्याने धुवा, साखळी वाळवून तेल द्या, पावसाळ्यात उभ्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून टाका, कारण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी भागांना खाते, हे तुम्ही आलेल्या प्रत्येकाला फुकट सांगता. वागातोरला बाइकवाल्यांचे मेळे भरतात, तेव्हा परगावाहून आलेले अनोळखी स्वारही तुमच्या दाराशी थांबतात आणि त्यांनाही तुम्ही तेच सांगता. चोर्ल्याच्या घाटात, सुमारे ८०० मीटर उंचीवर, इंजिन थोडे जड का बोलते आणि तिथे हवा विरळ असल्यामुळे मिश्रण पेट्रोलच्या बाजूला कसे झुकते, हे तुम्ही प्लग काढून, त्याच्या टोकाचा रंग दाखवून शिकवता. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर लगेच थांबा. या एका पाठामुळे आमच्या मंडळीतले किती पिस्टन तुमच्या त्या फळीवर जाण्यापासून वाचले असतील, ते तुम्हालाच ठाऊक.

डिचोलीतल्या पोरांपैकी जो जुनी यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल घेऊन नुसता आवाज वाढवायला तुमच्याकडे आला होता, तो आज तुमच्या लेथवर काम शिकतो आहे. त्याच्या आईने मला बाजारात थांबवून, तुम्हाला कळवा म्हणून सांगितले आहे की तो आता रात्री वेळेवर घरी येतो आणि आलेला प्रत्येक रुपया वहीत लिहितो. हा निरोप तोंडी द्यायचा राहिला होता, तो इथे देतो.

आम्ही सर्वांनी मिळून तुमच्यासाठी बारीक हालचाल मोजणारे एक डायल गेज आणि टायमिंगसाठी अंशांच्या खुणा असलेली तबकडी घेतली आहे. सिगारेटचा कागद तुम्हाला पुरतो हे आम्ही जाणतो, परंतु शिकणाऱ्या मुलांना अंश डोळ्यांनी दिसावेत अशी आमची इच्छा आहे. दसऱ्याला तुम्ही अवजारांची पूजा मांडता, त्यात या दोन वस्तूंनाही जागा द्यावी. दुसऱ्या दिवशी त्यांचा पहिला उपयोग १४० चा दावा करणाऱ्या आमच्या त्या मित्राच्या गाडीवर व्हावा अशी त्याचीच विनंती आहे. टायमिंग किती अंशांवर आहे, ते तो स्वतः मोजून वहीत लिहिणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
शनिवारच्या बैठकीतील सर्वांच्या वतीने, तुम्ही जिवंत केलेल्या बुलेटचा मालक
डिचोली, गोवा