तांबडी कालवड झाली म्हणून कांडी खोटी नसते

संपादक साहेब नमस्कार, मागच्या महिन्यात आमची एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जातीची गाय व्याली, गाय काळी-बांडी, वळू पण काळा-बांडा आणि कालवड निघाली तांबडी-बांडी, ओली असतानाच पाठीवर विटकरी रंग दिसत होता. गोठ्यात येईल तो म्हणायला लागला की कांडी, म्हणजे गाय भरवायची वीर्याची नळी, बदलली, डॉक्टरने फसवलं. त्या माणसाचं नाव उगाच खराब झालं, मला फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

एचएफमध्ये काळा रंग तांबड्यावर भारी असतो. जनावरात या रंगाचे दोन जीन, एक आईकडनं एक बापाकडनं, त्यात एक काळा एक तांबडा असला तरी जनावर काळंच दिसतं, तांबडा आत लपून राहतो. असा तांबडा लपलेली गाय आणि वळू जुळले की चारात एक तांबडं व्हायचा चान्स, आणि तो दर वेताला नव्याने, तीन काळी झाली म्हणून चौथं तांबडंच होईल असं नाही. वळूच्या माहितीत आरसी लिहिलं असेल तर तो रेड कॅरियर, म्हणजे तांबडा जीन आत लपलेला वळू, गाय भरवायच्या आधी तेवढं बघा ना! गाईत गीरचं वगैरे रक्त असेल तर हिशोब एवढा सोपा राहत नाही. आणि तांबडी विकून टाका म्हणणाऱ्यांनो, रंगावर दूध ठरत नाही, आम्ही ती ठेवणार.

— एक दूध उत्पादक