आण्णा, कार्डातनं माझं नाव कमी केलंय

ती. आण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेलो की तुमचा आवाज ऐकून घसा दाटतो आणि अर्धंच बोलून ठेवून देतो, म्हणून टाईप करून ताईच्या मोबाईलवर पाठवतोय, ती रविवारी आली की वाचून दाखवेल. आण्णा, शेवटपर्यंत ऐका, मधीच उठून गोठ्याकडं जाऊ नका.

रेशन कार्डातनं मी माझं नाव काढून घेतलंय. ताईनं केवायसीला म्हणून कार्ड नेलं होतं ना, ते मीच मागवलं होतं. तिच्यावर रागवू नका, तिला मीच गप्प रहायला सांगितलेलं. त्या सोमवारी रजा टाकून मी थेट तालुक्याला गेलो. एसटी आपल्या घरासमोरनं गेली तेव्हा आई अंगणात सूप घेऊन बसली होती, मी खिडकीतनं बघितलं आणि मान खाली घातली. उतरलो असतो तर तुमच्यासमोर हे जमलं नसतं. ते टोचतंय अजून.

आता का केलं ते. आण्णा, श्रावणबाळ पेन्शनचा तुमचा अर्ज फेब्रुवारी २०२४ चा. आज जून २०२५, सोळा महिने झाले. आधी लोकसभेची आचारसंहिता लागली म्हणून समितीची बैठक नाही. तोपर्यंत ३१ मार्च उलटला आणि तलाठ्याकडनं खेटे घालून काढलेला उत्पन्नाचा दाखला फाईलीतच संपला, मग नवीन आणा. नवीन आणला तर विधानसभेची आचारसंहिता. त्यानंतर पैसे आधार लिंक खात्यावरच येणार म्हणून बँकेत रांग, तिथं तुमचे अंगठे उमटेनात. चाळीस वर्षं खोरं धरलेल्या हाताचे ठसे कुठनं उमटणार? आणि एवढं सगळं झाल्यावर खिडकीतनं तोंडी सांगितलं की मुलगा कमावता आहे, बसत नाही. लेखी काहीच नाही. लेखी नाही म्हणजे अपील तरी कशावर करायचं?

मी दहा रुपयाचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तेव्हा कुठं कागद हातात आला. योजनेत कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजाराच्या आत पाहिजे आणि कार्डावर माझं नाव आहे म्हणून माझा चाकणचा पगार तुमच्या चुलीत धरला. अकरा वर्षं मी तिथं राहत नाही, माझं भाडं, लाईट बिल, पोरांची शाळा सगळं इकडं. आण्णा, मी खोटं काही लिहून दिलेलं नाही. जे आहे तेच कागदावर आणलं. आता नाव कमी केल्याचा दाखला दाखवून इथं आमचं चौघांचं कार्ड काढायला टाकलंय, सुमन आणि पोरांची नावं तरी कुठल्या कार्डात होती?

तरी नाव काढताना हात जड झाला. ते केशरी कार्ड उघडलं, आतल्या पानावर आजोबांच्या नावावर रेघ, आज्जीच्या नावावर रेघ, ताईच्या नावावर लग्नानंतरची रेघ. आणि माझं नाव निळ्या शाईनं, आडनावात काना जास्त पडलेला. ते घालायला तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून नेलं होतं, नळीला टॉवेल गुंडाळलेला पाय दुखू नये म्हणून, आणि येताना शेवेचा पुडा घेतला होता. साहेबांनी मान्य केल्यावर त्या बाईनं पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. मी बाहेर येऊन पिंपळाखाली बराच वेळ बसलो.

काकांनी केलं तसलं हे नाही आण्णा. तुमच्या मनात पहिलं तेच येणार म्हणून आधीच लिहितो. चूल वेगळी केली नाही, सातबाऱ्याला हात लावला नाही, पुढंही लावणार नाही. दर महिन्याला पाठवतो ते चालूच राहील, पेन्शनचे दीड हजार मिळाले म्हणून त्यात एक रुपया कमी होणार नाही. माझ्या नावचं पाच किलो धान्य आता येणार नाही, खरं तर ते मागंच थांबायला पाहिजे होतं. त्याच्या बदल्यात मी गहू-तांदूळ भरून देतो, आईला काही कमी पडू देणार नाही.

तुम्ही मागं म्हणाला होता, पोरानं दिलेलं मोजून खर्चावं लागतं, सरकारचं आपल्या नावावर येतं. ते माझ्या डोक्यात बसलंय. म्हणूनच मी पैसे वाढवून देतो, जाऊ दे ती पेन्शन, असं एकदाही म्हटलं नाही. तुमच्या हक्काचं आहे. १ हजाराचे दीड हजार २०२३ मध्ये झाले, आणि तुम्ही आत्ता २०२५ मध्ये अजून उंबऱ्यावर. या सोळा महिन्यांचे कोणी मागचे धरून देईल असं मला वाटत नाही, त्याचा मला फार राग येतो. पण तुम्ही राग धरून बसू नका, बीपी वाढतं.

मे महिन्यात तुम्ही रांगेत चक्कर येऊन पडला ते मला पाटलांच्या बाळूकडनं कळलं, तुमच्याकडनं नाही. तेव्हाच मी ठरवलं.

आई, तुझं वेगळं. तुझ्या आधारवर १ जानेवारी १९६४ घातलंय, त्या हिशोबानं तू एकसष्ट, आणि श्रावणबाळला पासष्ट लागतात. पण कोयनेचा भूकंप झाला, डिसेंबर १९६७, तेव्हा तू दुसरीत होतीस, पाटी घरात राहिली म्हणून रडलीस आणि आज्जीनं तुला गोधडीसकट अंगणात आणलं, हे तू आम्हाला शंभरदा सांगितलंयस. चार वर्षांचीही न झालेली पोर दुसरीत कशी असेल? तुझ्या माहेरच्या शाळेत जुन्या रजिस्टरचा उतारा मिळतोय का मामाला बघायला सांगितलंय. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळं कुणाचंही ऐकून केंद्रावर जाऊन काही करून बसू नकोस, मी येतो मग करू.

आता दोघांनीही नीट ऐका. आण्णा, तुम्ही यापुढं तालुक्याला एकटं जायचं नाही. कागद घेऊन दाजी जातील, मी त्यांच्याशी बोललोय. कुठलाही कागद दिला की त्याची पोच शिक्का मारून घ्यायची, शिक्का नाही तर कागद द्यायचा नाही. उत्पन्नाच्या नव्या दाखल्याला पंधरा दिवसाची मुदत आहे, उलटली की सेवा हक्क कायद्यात तीस दिवसात पहिलं अपील करता येतं, ते मी इथनं करतो. तो दोन हजार मागणारा एजंट परत दारात आला तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा. पासबुक, आधार, रेशन कार्ड ट्रंकेत खालीच ठेवा, आईच्या लुगड्याखालच्या पिशवीत, देवळीत नको, पावसाचं ओल धरतं. सकाळची गोळी चहावर घेऊ नका, भाकरीचा तुकडा खाऊन घ्या. आई, डोळ्यात थेंब घालायला विसरतेस असं ताई म्हणाली, रोज रात्री आण्णांनी आठवण करायची.

पेन्शन चालू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला लागेल, त्यालाही मीच घेऊन जाईन, गाडी करून, एसटीनं नाही.

आषाढीच्या आधी दोन दिवस सुट्टी मिळतेय, पोरांना घेऊन येतो. आण्णा, राग आला असेल तर तेव्हा समोर बसवून बोला, मी ऐकून घेईन, पण फोन उचलायचं बंद करू नका. उद्या रात्री आठला करतो. पोरगी म्हणतीये आज्जीला खरवसाचं विचार, गाय कधी व्यायची आहे?

तुमचा,
बाळासाहेब