गुरुवारी येणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आमच्या घाटंजी तालुक्याकडच्या गावात, भर पावसात चिखलातून स्कूटी ढकलत दर गुरुवारी कोण यायचं, हे गावात कोणालाही विचारा.

बाबांची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. बाबांबद्दल बोलताना सगळे एकच शब्द वापरत होते: घरवेडा. खरंच होतं ते. बाजाराला गेले तरी दिवेलागणीच्या आत घरी. कापसाचा चुकारा हातात आला की आधी आईचं लुगडं, मग आमच्या वह्या, आणि उरलं तर स्वतःची चप्पल. आम्ही तिघी बहिणी. मुलगा नाही म्हणून लोक हळहळायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, "माह्या घरी तीन लक्ष्म्या हायेत, काहून रडू?" हायस्कूल सहा किलोमीटरवर होतं. थोरलीची दहावी होईपर्यंत रोज सकाळी वावरात जाण्याआधी ते तिला सायकलवर सोडून यायचे, आणि पुढे आम्हा दोघींनाही. आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची, म्हणून रात्री झोपण्याआधी तिला एकदा तरी विचारायचेच, "जेवली?"

तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र सुटला नाही. पानठेल्यावर पन्नीत घोटलेली ती पुडी वीस-बावीस वर्षं खिशात होती. आधी तिखट झोंबायला लागलं, मग तोंड उघडेना. दोन बोटंसुद्धा आत जाईनात. भाकर मोडता येत नाही म्हणून ते वरणात कुस्करून खायचे आणि आम्ही म्हणायचो, दाढ दुखत असेल. एका दवाखान्यात दोन महिने दाढेचंच औषध चाललं. पुढे नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, रेडिएशनचे 30 शेक झाले. सरकारच्या फुले योजनेमुळे उपचाराचे पैसे पडले नाहीत. यवतमाळ, कळंब, वर्धा करत नागपूर गाठायचं, तिथे खोली करून राहायचं, त्यात मात्र एक बैलजोडी गेली. सहा महिन्यांनी गाठ परत आली, गालातून बाहेर फुटली. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या.

तोपर्यंत मी दोन्ही पोरांना घेऊन माहेरी राहायला आले होते. आणि तुम्हाला जे लिहायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

त्या जखमेला वास यायचा. इतका, की ओसरीत बसलेला माणूस पाच मिनिटांत उठायचा. बाबांना ते कळायचं. एका सकाळी त्यांनी स्वतःच आपली बाज उचलून गोठ्याच्या कडेला नेली. नातवंडं जवळ यायला लागली की हातानेच त्यांना लांब करायचे. ज्या माणसाचा सगळा जीव घरात, तो आपल्याच अंगणात वाळीत पडल्यासारखा बसला होता. सिस्टर, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं: मीसुद्धा त्यांची पट्टी बदलताना पदर नाकाला लावायची. त्यांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

आषाढात आशाताई तुम्हाला घेऊन आल्या. तुम्ही नाकाला काही लावलं नाही. त्यांच्या बाजेवरच बसलात, "काका, मी पाहू का?" असं विचारलंत, आणि मग जखमेला हात लावलात. मिठाचं पाणी उकळून गार करायला लावलंत. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, ज्या आम्ही हगवणीच्या म्हणून ओळखायचो, त्या बारीक कुटून जखमेवर कशा भुरभुरायच्या ते दाखवलंत. मला वाटलं, एवढ्याशा गोळीने काय होणार? चार-पाच दिवसांत वास निम्म्याहून कमी झाला. पुढच्या गुरुवारी तुम्ही आलात तेव्हा बाज परत ओसरीत होती.

दुखण्याचंही तसंच. मॉर्फिनचं नाव ऐकताच माझे चुलते म्हणाले, नशेची गोळी आहे, माणूस गुंगीतच जाईल. तुम्ही त्यांच्यावर चिडला नाहीत. अंगणात बसून शांतपणे सांगितलंत की दुखण्यासाठी बेताने दिली तर ती नशा नाही, औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही, 2014 साली कायदा बदलल्यावर ती पेशंटपर्यंत पोचवणं थोडं सोपं झालं, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि सोबत पोट साफ राहायचं औषध रोज द्यायचं, ते चुकवायचं नाही, हे तर इतक्या वेळा सांगितलंत की माझ्या पोरीला पाठ झालं.

आईला वाचता येत नाही. तुम्ही गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर चित्रं काढलीत. सकाळी सहाला दुधाची चरवी, दहाला शाळेची घंटा, दोनला दुपारची एसटी, सहाला दिवा, आणि रात्री दहाला चंद्र. चंद्राखाली दोन ठिपके, म्हणजे झोपताना दोन गोळ्या, मधेच उठावं लागू नये म्हणून. आईने पाच महिन्यांत एकही वेळ चुकवली नाही. नाकातल्या नळीतून आंबील द्यायलाही ती शिकली. फडक्याने दोनदा गाळायची, बाबांना टेकून बसवायची, नंतर नळीत साधं पाणी सोडायची. आयुष्यभर बाबांनी तिला जेवली का विचारलं, शेवटी तिने त्यांना भरवलं.

बोलता येत नव्हतं, म्हणून बाबा माझ्या पोरीच्या पाटीवर लिहायचे. बाकी सगळं पुसलं जायचं, पण वरच्या कोपऱ्यात "जेवली?" हा शब्द कायम असायचा. रात्री आई समोर आली की त्यावर नुसतं बोट ठेवायचे.

तान्हा पोळ्याचा दिवस तुम्ही पाहिला नाही, म्हणून सांगते. बाबांनी सकाळपासून माझ्या मुलाचा लाकडी बैल मांडीवर घेतला होता. शिंगांना बेगड लावली, गळ्यात मण्यांची माळ घातली, चाकाला तेल दिलं. मुलगा त्यांच्या खांद्याला खेटून, पार गालाजवळ तोंड नेऊन सांगत होता, "आबा, झूल लाल पाहिजे." खेटून, सिस्टर. आषाढात जो गोठ्यापाशी एकटा बसायचा, त्या माणसाला. मी चुलीपाशी बसून खूप रडले आणि कोणाला कळू दिलं नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आजार बरा होणार नाही. खोटी आशा दाखवली नाहीत, म्हणून बाबांना सांगायचं होतं ते पाटीवर का होईना सांगता आलं. वावराचे कागद तिघी बहिणींना दाखवून झाले, धाकट्या जावयाशी धरलेला अबोला सुटला. मार्गशीर्षात पहाटे ते गेले. आईचा हात त्यांच्या हातात होता आणि चरवीची गोळी द्यायला अजून तासभर होता.

उरलेल्या 22 गोळ्या मी तुमच्याकडे आणून दिल्या, तेव्हा तुम्ही त्या मोजून रजिस्टरमध्ये लिहिल्या आणि मग माझा हात धरून कितीतरी वेळ नुसत्या बसलात. त्या दिवशी मला आभार मानायचे होते, शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र.

पुठ्ठा आईने भिंतीवरून काढू दिलेला नाही. यंदाची तूर बाबांनीच पेरायला लावलेली. आईने जात्यावर भरडून तुमच्यासाठी पाच किलो डाळ वेगळी बांधून ठेवली आहे. गुरुवारी इकडून जाणं झालं तर या, आणि जेवूनच जा. आई वाट पाहते.

तुमची,
काकांची मधली मुलगी