ताई, कपाटातला धंदा तुम्ही कागदावर आणलात

ताई,

स. न. वि. वि.

तुम्ही फी घेतली नाहीत. छोटासा सत्कार करू म्हटलं, तर "मग मी येणारच नाही" म्हणालात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. यात तुमचं नाव नाही आणि आमच्या ऑफिसचंही नाही. पण पुण्यातल्या कोथरूड-कर्वेनगर भागात माझ्या वयाचे जे एजंट घरं विकायचं आणि भाड्याने लावायचं काम करतात, त्यांच्यापर्यंत हे पोहोचावं असं मनापासून वाटतं. त्यातले बरेच जण दोन-चार वर्षांत हे सगळं कुणाच्या तरी हाती देऊन मोकळं व्हायचं म्हणतात. देणार म्हणजे नेमकं काय देणार, हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. मला तुम्ही विचारलंत.

२०२३ च्या पावसाळ्यात तुम्ही पहिल्यांदा आलात, तुमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती म्हणून. बिल्डर भाडं देणार होता, ३६ महिन्यांचा करार हवा होता, आणि आईंसाठी लिफ्ट हवीच होती. घर पसंत पडलं. मग तुम्ही आधीच्या भाडेकरूचा करार बघायला मागितलात. मी कपाट उघडलं. पाऊण तास शोधत होतो. तुम्ही शांत बसून होतात. शेवटी म्हणालात, "हे कपाट तुमच्याशिवाय कुणाला उघडता येतं?" मी म्हटलं, चावी सगळ्यांकडे आहे. "मी चावीचं नाही विचारत," तुम्ही म्हणालात.

सहकारी बँकेच्या तपासणी विभागात तुमची नोकरी झाली हे मला नंतर कळलं. पुढच्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं, की मुलगा बंगळूरला आहे, त्याला यात रस नाही, माझे गुडघे आता चौथ्या मजल्यावर घर दाखवायला चढत नाहीत, तेव्हा विकून टाकावं म्हणतो. मनातला आकडाही सांगितला. तुम्ही आकड्यावर काही बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "तीन आठवडे नागपूरला लेकीकडे जाऊन या. फोन ऑफिसात ठेवून जा."

त्या तीन आठवड्यांबद्दल मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे. सतरा वर्षं आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना तुम्ही एक वही दिली होतीत. मला विचारल्याशिवाय जे अडेल ते त्यांनी त्यात लिहायचं, एवढंच. मी परत आलो तेव्हा वहीत ४७ प्रश्न होते. अमेरिकेतल्या मालकांच्या फ्लॅटची दुसरी चावी कुणाकडे? अमुक सोसायटीचे सेक्रेटरी बॅचलर मुलांना नाही म्हणतात, मग मुलींना चालतं का? या मालकांनी भाडं ५ टक्के वाढवायचं कबूल केलंय की १०? ड्रेनेज तुंबलं तर पैसे मालक देतात की भाडेकरू? एकूण एक उत्तर मला येत होतं, आणि एकही कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सव्वीस वर्षं मी याला 'माझा अनुभव' म्हणत आलो होतो. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मी उठून गेल्यावर उरणार काय होतं? एक गाळा, दोन टेबलं आणि एक बोर्ड. त्या बोर्डावरचा नंबरही माझ्या खिशातल्या मोबाईलचा.

ती ४७ उत्तरं लिहायला आम्हाला दोन महिने लागले. तुम्ही दर गुरुवारी चारला यायचात. मी बोलायचो, बाई लिहायच्या आणि तुम्ही मध्येच थांबवायचात, "हे तुम्हाला माहीत आहे म्हणून तुम्ही गाळताय." आज ती वही टाइप होऊन १३० पानांची झाली आहे. धंदा विकत घ्यायला आलेल्या मुलांनी सगळ्यांत आधी तीच चाळली.

मग रजिस्टर. किती करार चालू आहेत असं तुम्ही विचारलंत, मी म्हटलं दोनशेच्या घरात. मोजले तर १८६ निघाले, आणि त्यातल्या २३ करारांची मुदत कधीच संपून गेलेली होती. भाडेकरू राहतायत, भाडं येतंय, मालक खूश आहेत, म्हणून मीही गप्प होतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मला तोंडपाठ आहे असा माझा समज होता. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कलमातलं दुसरं वाक्य तुम्ही मला दोनदा वाचायला लावलंत. नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल भाडेकरूचं म्हणणंच ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ज्या मालकांनी माझ्यावर विश्वास टाकून परदेशात निश्चिंत राहायचं ठरवलं, त्या मालकांना मी उघड्यावर ठेवलं होतं. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरात १,००० रुपये. हे काम घरी बसून अंगठ्याच्या ठशावर होतं. एवढ्याशा खर्चाचा आळस मी करत होतो. तेवीसच्या तेवीस करार आम्ही पाच आठवड्यांत नवे केले आणि प्रत्येकाची पोलिसांकडची माहितीही भरली.

आता डिपॉझिटचं. हे लिहू नका असं घरच्यांनी सांगितलं, तरी लिहितोय. परदेशी राहणाऱ्या अकरा मालकांच्या भाडेकरूंचं डिपॉझिट माझ्या करंट खात्यात होतं. मालकांनीच सांगितलं होतं, "तुमच्याकडेच राहू दे, सोडताना लगेच द्यायला बरं." देणं होतं ९ लाख ४० हजार. तुम्ही खातं तपासलंत तेव्हा त्यात २ लाख ६० हजार कमी होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चार महिने एकही घर लागलं नाही, तेव्हा मी त्यातून पगार केले होते. पुढे काहींचं डिपॉझिट जायचं, काहींचं यायचं, आणि भोक झाकलेलं राहायचं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. वही मिटलीत आणि म्हणालात, "हे आधी. बाकी सगळं नंतर." मी एक एफडी मोडली. वेगळं खातं काढलं, त्यात फक्त डिपॉझिट. अकराही मालकांना पत्र पाठवलं, झालं ते जसंच्या तसं. एका मालकाने काम काढून घेतलं, त्याचा मला राग नाही. दहा जण राहिले. त्यातल्या एका काकूंनी न्यू जर्सीहून फोन करून सांगितलं, की सांगितलंत म्हणूनच ठेवतोय. हे पत्र तुम्ही मला तीनदा लिहायला लावलं होतंत, कारण पहिल्या दोन मसुद्यांत मी परिस्थितीला दोष दिला होता.

आकड्यांच्या बाबतीत तुम्ही माझी सगळी समजूत मुळापासून बदललीत. मी म्हणायचो, वर्षाला १४ लाख सुटतात. तुम्ही विचारलंत, गाळ्याचं भाडं किती? गाळा माझाच, भाडं कसलं? घेणाऱ्याला द्यावं लागेल ना, महिना ३५,००० तरी. तुमचा पगार? मी मालक. तुमच्या जागी बसणाऱ्याला ४५,००० द्यावे लागतील. आणि वहिनी बारा वर्षं हिशेब लिहितात, त्यांचे? महिना १०,००० धरा. बाजारभावाने हे सगळं वजा केल्यावर १४ लाखांचे ३ लाख २० हजार उरले. माझी पत्नी शेजारी बसली होती. तिच्या कामाची कुणीतरी किंमत धरली हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि ती उठून आत गेली. तुमचे आभार तिच्या वतीनेही.

मी म्हटलं होतं, खरी कमाई कागदापेक्षा जास्त आहे, काही दलाली रोखीत येते. तुमचं उत्तर मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: "जे आयकराला दाखवलं नाही, ते गिऱ्हाइकाला कसं दाखवाल?" त्या दिवसापासून प्रत्येक दलालीची पावती, १८ टक्के जीएसटीसह. बिल्डर आणि कंपन्यांनी आगाऊ कापलेला कर, म्हणजे टीडीएस, आयकर खात्याच्या २६एएस या तक्त्याशी जुळवायची सवयही तेव्हाच लागली.

विक्रीची दलाली मोठी दिसते, म्हणून आम्ही सगळे एजंट तिच्याच मागे असतो. मयूर कॉलनीतला एक बंगला विकला गेला त्या वर्षाचा आकडा मी सगळ्यांना दाखवत असे. तुम्ही तो बाजूला काढलात. बंगला पुढच्या वर्षी विकला जाईलच असं नाही, पण अकरा महिन्यांनी करार संपणारच, आणि कोथरूडमध्ये इतक्या जुन्या सोसायट्या पाडल्या जातायत की भाड्याची घरं लागणारच आहेत. घेणारा पैसे मोजतो ते या परत परत येणाऱ्या कामाचे. मग तुम्ही विचारलंत, परदेशी मालकांचे ३१ फ्लॅट तुम्ही सांभाळता, प्लंबर पाठवता, वीजबिल भरता, सोसायटीच्या मीटिंगला जाता, त्याचे काय घेता? काहीच घेत नव्हतो. दरमहा १,२०० रुपये ठरवले, लेखी. एकानेही हूं की चूं केलं नाही. उलट दोघांनी विचारलं की आतापर्यंतचे द्यायचे आहेत का.

कपाटातल्या आधारच्या आणि पॅनच्या झेरॉक्सही आठवतात. चार पोती भरली होती, काही भाडेकरू तर पंधरा वर्षांपूर्वी गेलेले. २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय, लोकांचे हे कागद तुम्ही परस्पर तिसऱ्याला देणार का, असं तुम्ही विचारलंत. जुने सगळे आम्ही यंत्रात घालून बारीक केले. चालू करारांतल्या लोकांना कळवून त्यांची संमती घेतोय, अजून काही बाकी आहेत.

घ्यायला दोन तरुण आलेत, वाकडकडे काम करतात. महारेराची, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी माझ्या नावावर आहे, ती त्यांना देता येत नाही, पण त्यांची स्वतःची आहे आणि दोघांनीही परीक्षा दिलेली आहे. गाळा मी विकत नाहीये, त्यांना भाड्याने देतोय. धंदा वेगळा, जागा वेगळी, हेही तुमचंच. ठरलेल्या रकमेतली ६० टक्के सही करताना आणि उरलेली एका वर्षाने, मालक टिकले त्या प्रमाणात. बाईंची नोकरी आणि पगार करारात लिहिलाय. त्यांना हे बाहेरून कळण्याआधी मी सांगावं यासाठी तुम्ही अडून बसला होतात. मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही न सांगताच बंद कराल."

एक अट मला जड गेली. पाच वर्षं मी कोथरूड, कर्वेनगर, वारज्यात हे काम करायचं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा असला, तरी कलम २७ अजून तसंच आहे: धंदा करायला मनाई करणारा करार एरवी चालत नाही, पण नावलौकिक विकणाऱ्याने ठरलेल्या हद्दीत तोच धंदा न करण्याचं कबूल केलं, तर अट वाजवी असेल तोवर चालतो. मी म्हटलं, ओळखीच्या कुणी घर मागितलं तर नाही कसं म्हणू? तुम्ही म्हणालात, "नाही म्हणू नका. ऑफिसचा नंबर द्या." ऑफिसचा नंबर. तो आता बोर्डावर आहे, कार्डावर आहे, आणि गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एका जुन्या मालकाने मला फोन न करता थेट त्यावर केला. वाईट वाटलं का, असं तुम्ही विचारलं होतंत. वाटलं. पण तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं ते आज सांगतो: त्या संध्याकाळी मी सहा वाजता घरी गेलो आणि पत्नीबरोबर फिरायला बाहेर पडलो. असं कितीतरी वर्षांनी घडलं.

तुमच्या नव्या इमारतीचा ताबा मिळतोय असं परवा कळलं. तुमचा करार आमच्या रजिस्टरमध्ये ९२ क्रमांकावर आहे. डिपॉझिटचा चेक त्या वेगळ्या खात्यातून काढून ठेवलाय, घराची पाहणी बाई करतील, वहीत लिहिलंय तसं. आईंना जिना चढावा लागू नये म्हणून सामान हलवायच्या दिवशी लिफ्टचं सेक्रेटरींशी बोलून ठेवलंय. गुरुवारी चारला या. चहा तयार असेल.

आपला,
९२ क्रमांकाच्या फ्लॅटचा एजंट