कपाटातलं मशीन

नेरुळ,
रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, कुठलासा व्हिडिओ पाहून, आईचा विसरभोळेपणा जावा म्हणून रोज संध्याकाळी तुम्ही तिच्या उशाशी मोबाइल ठेवून तासभर तो ‘40 हर्ट्झ’चा (सेकंदाला 40 कंपनांचा) आवाज लावता, हे मला आईकडूनच कळलं. “डोकं भणभणतं गं, पण ह्यांचा हिरमोड कशाला करू?” म्हणाली. पत्र अशासाठी की फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही नुसतं “हो, हो” करता.

व्हिडिओतली गोष्ट अगदीच थाप नाही. अमेरिकेत एमआयटीमधल्या ली-ह्वे त्साय यांच्या प्रयोगशाळेने 2016 मध्ये उंदरांसमोर सेकंदाला 40 वेळा दिवा लुकलुकवला, 2019 मध्ये आवाज ऐकवला. अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं ते अमायलॉइड त्यांच्यात कमी झालं. पण तो आवाज म्हणजे सेकंदाला 40 बारीक टिकटिक होती, तुमच्या मोबाइलमधली घरघर नव्हे. (40 हर्ट्झचा खर्ज त्या एवढ्याशा स्पीकरला पेलणारही नाही.) त्यातून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाने दिव्याचा प्रयोग उंदरांवर पुन्हा केला, तर अमायलॉइड हललंच नाही.

व्हेगस नर्व्हला (मेंदूपासून मानेतून खाली छाती-पोटाकडे जाणारी नस) झटके देणारी, कानाला लावायची ती क्लिप मात्र मागवू नका. या नसेला विजेचे हलके झटके देण्याला अमेरिकेत 1997 मध्ये फिट्ससाठी मान्यता मिळाली, 2021 मध्ये पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हातासाठी. दोन्हीकडे यंत्र ऑपरेशन करून छातीत बसवतात, आणि हाताचा व्यायाम सुटत नाही तो नाहीच. विसरभोळेपणावर म्हणून ती मान्यता नाही.

आता खरं बोलते, रागावू नका. आवाजाचा उपचार आपल्या घरात दोन वर्षं पडून आहे, तुमच्या कपाटात, डबीसकट. 2023 मध्ये 70 ते 84 वयाच्या 977 जणांवरचा अभ्यास आला. कानाच्या मशीनने सरसकट सगळ्यांना फरक पडला नाही. पण ज्यांना धोका मुळातच जास्त होता, त्यांची बुद्धीची घसरण तीन वर्षांत 48 टक्क्यांनी कमी झाली. तुमचं बीपी, शुगर आठवा.

आणि आई विसरते म्हणता, तर मागच्या महिन्यात तलावपाळीवर ती तुम्हाला मावशीच्या ऑपरेशनचं सांगत होती. तुम्ही मान डोलावलीत आणि घरी येऊन विचारलंत, “मावशी कशी आहे?” मग विसरलं कोण?

मशीन कुईकुई करतं ही तुमची तक्रार खरी आहे. कानातला साचा नीट बसत नसणार. शनिवारी सकाळी येते, नौपाड्यातल्या ऑडिओलॉजिस्टकडे जाऊ. सेल मी आणते. आई, तोवर मोबाइल तू बिनधास्त बंद कर.

तुमची,
मनू