काकाजी, डकोटाच्या कंपासबद्दल मनापासून आभार

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक प्रेम माथुर यांच्यावरच्या आमच्या छोट्या प्रदर्शनासाठी तुम्ही डकोटा विमानाचे दोन जुने कंपास, एक ब्रिटिश पी-8 आणि एक अमेरिकी बी-16, तपासून दिलेत, आणि ते कसे तपासायचे हेही कागदावर उतरवून दिलंत. नागपुरात कुणाच्या घरी जुन्या पेटीत असं एखादं उपकरण पडलं असेल, तर त्यालाही तुमचं टिपण कामी यावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत.

तुमची पहिली अट रेडियमची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कंपासच्या आकड्यांवर आणि काट्यावर बहुधा रेडियमचा रंग असतो. अंधारात तो चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. चमक जाते ती रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियम-226 चं अर्धायुष्य 1600 वर्षं आहे, म्हणजे ते जवळपास होतं तेवढंच आहे. म्हणून आधी किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर, मग बाकीचं. रंग खरवडायचा नाही, काच उघडायची नाही, हाताळल्यावर हात धुवायचे, आणि बंद कपाटात न ठेवता हवा खेळेल अशा जागी ठेवायचं, कारण त्यातून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघत राहतो. भंगारात तर मुळीच द्यायचं नाही. ब्रिटिश पी-8 वर रेडियम निघाल्यावर तुम्ही तो न उघडता तसाच काचेच्या पेटीत ठेवायला लावलात. आमचा पॉलिशचा आग्रह तुम्ही मोडून काढलात, ते फार बरं झालं.

अमेरिकी बी-16 वर रेडियम नव्हतं, म्हणून तो उघडता आला. त्यात बुडबुडा होता. नागपूरच्या हवेत हे व्हायचंच: मे महिन्यात पारा 45 च्या वर, डिसेंबरच्या पहाटे 10 च्या आसपास. द्रव फुगतो-आकसतो, ते सोसायला आत लवचीक पडदा असतो; तो किंवा गॅस्केट कडक झालं की द्रव झिरपतो. थंडीत दिसणारा बारीक बुडबुडा दुपारी नाहीसा होत असेल तर थांबून बघावं. कायम राहिला तर गळती समजावी. इथे सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या द्रवाने होतं. पी मालिकेत अल्कोहोल असतं, बी-16 मध्ये रॉकेलच्या जातीचा, वास काढलेला कंपास फ्लुइड. बी-16 मध्ये स्पिरिट ओतलं की तबकडीवरचा रंग सुटतो. पी-8 मध्ये रॉकेल गेलं की रबर फुगतं. दुकानातलं रॉकेल तर पिवळं पडून आकडेच झाकतं. भरताना झाकणाचं भोक सगळ्यात वर, सिरिंजने सावकाश, मध्येमध्ये कलंडवून हवा काढायची, नवं गॅस्केट घालायचं आणि आजूबाजूला विस्तव ठेवायचा नाही.

मग घर्षणाची चाचणी. लोहचुंबकाने तबकडी थोडी वळवायची, चुंबक लांब न्यायचं, तबकडी मूळ आकड्यावर परत येते का ते बघायचं. दोन-तीन अंश अलीकडे अडकली तर तबकडी ज्यावर फिरते ते टोक किंवा त्याखालचा रत्नखडा झिजला आहे. त्यानंतर दोन्ही स्क्रूंवरचे ठिपके खोक्यावरच्या ठिपक्यांसमोर आणून, म्हणजे कंपासची चूक सुधारणारी आतली छोटी चुंबकं शून्यावर ठेवून, लाकडी फळीवर दर 30 अंशांनी बारा वाचनं. पेचकस पितळी हवा. जागा मोकळी हवी: सळ्यांचं काँक्रीट, गाडी, मेट्रोचा पूल आणि खिशातला मोबाइल, सगळंच सुईला ओढतं. नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, ही मात्र आपली सोय.

खरा स्विंग, म्हणजे विमान वेगवेगळ्या दिशांना वळवून कंपासची चूक मोजणं आणि काढणं, विमानातच होतो, हे तुम्ही ठासून सांगितलंत. डकोटा जमिनीवर शेपटीवर बसतं, म्हणून शेपूट उचलून ते समतल करायचं. इंजिनं आणि रेडिओ चालू ठेवायचे. उत्तरेला आणि पूर्वेला चूक पूर्ण काढायची, दक्षिणेला आणि पश्चिमेला उरलेली अर्धीच: 180 च्या जागी 186 दिसलं तर 183 वर आणून थांबायचं. मग बारा दिशांची शिल्लक चूक कार्डावर. ते कार्ड त्या एका विमानाचंच असतं. म्हणून पेटीबरोबर मिळालेलं जुनं कार्ड आम्ही जपून ठेवलंय, पण त्यावरून कंपास वाचत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त ऋणी आहोत ती. प्रेम माथुर 1947 मध्ये डेक्कन एअरवेजमध्ये डकोटावर को-पायलट झाल्या, 1949 ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली, तरी डेक्कनमध्ये त्यांना कमांड, म्हणजे विमानाचं कॅप्टनपद, मिळाली नाही. आमच्या फलकावर ‘धाडसी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. तुम्ही म्हणालात, धाडस लिहा, पण काम काय होतं तेही लिहा. मग नकाशा उघडलात. हैदराबादहून दिल्लीकडे निघालं की वाट जवळपास उत्तरेची, आणि नागपूर त्या वाटेवर. उत्तरेकडे असताना विमान पूर्वेला वळवलं की कंपास आधी पश्चिमेकडे वळल्यासारखं दाखवतो. मुंबई-नागपूर-कोलकाता या वाटेवर दुसरीच खोड: पूर्वेकडे जाताना वेग वाढवला की सुई उत्तरेकडे सरकते, कमी केला की दक्षिणेकडे. दोन्हीचं कारण एकच, चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात. नागपूरला त्या सुमारे 30 अंश खाली झुकतात. 1949 पासून रात्रीच्या टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, तेव्हा या दोन्ही खोडी एकाच धावपट्टीवर उतरायच्या.

वैमानिक वळताना जायरो, म्हणजे फिरत्या चाकावर चालणारा दिशादर्शक, बघतो, पण जायरोही सरकतो: पृथ्वीच्या फिरण्यामुळेच नागपूरच्या अक्षांशावर तासाला 5.4 अंश. म्हणून दर पंधरा मिनिटांनी विमान सरळ, समतल आणि एका वेगात ठेवून जायरो कंपासशी जुळवायचा. विसरलं आणि 5 अंश चुकले, तर हैदराबाद-नागपूर या सव्वाचारशे किलोमीटरांत विमान सुमारे सदतीस किलोमीटर बाजूला. 1966 मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये आलेल्या दुर्बा बॅनर्जींच्या हातीही, 1985 मध्ये सर्व महिला चालक असलेलं फोकर विमान नेणाऱ्या सौदामिनी देशमुखांच्या हातीही हाच हिशोब होता. आता हा परिच्छेद फलकावर शर्यतीच्या वरती आहे.

पी-8 च्या पेटीला खाली हवेसाठी भोकं पाडून घेतली आहेत. बी-16 ची बारा वाचनं सोबत जोडतो. 210 ला दीड अंश जास्त दिसतंय, ते चालेल की टोक पुन्हा बघायचं, एवढं कळवावं.

आपले नम्र,
नागपुरातले जुनी विमान-उपकरणं जपणारे आम्ही काही जण