भविष्यप्रवासाच्या बालकादंबरीतील गायब फॉर्मा, चुकलेले कालचक्र आणि 29 फेब्रुवारी 2100 : तक्रार पत्र

दिनांक : 3 जुलै 2026

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन विभाग
आणि
संपादक, बालसाहित्य विभाग

विषय : आपल्या कंपनीने पुरवलेल्या 40 प्रतींतील बांधणीचे व मजकुराचे दोष, प्रती बदलून मिळण्याबाबत व शुद्धिपत्र काढण्याबाबत.

महोदय / महोदया,

जुन्या थ्रेशरमध्ये बसून भविष्यात जाणारी दोन भावंडं आणि त्यांच्या आजीची बकरी, अशी आपली 96 पानांची कादंबरी आमच्या वाचनालयाच्या बालविभागाने मागवली. बिल व पॅकिंग पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. 40 पैकी 11 प्रतींत पान 48 नंतर पुन्हा पान 33 सुरू होते आणि दुसऱ्यांदा 48 संपले की थेट 65 येते. तिसरा फॉर्मा (एकत्र छापून घडी घातलेला 16 पानांचा गठ्ठा) दोनदा लागला आहे, आणि चौथा, म्हणजे पाने 49 ते 64, नाहीच.

दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात ही चूक पहिल्या वाचकाने पकडली असती. इथे ती झाकली गेली, कारण गोष्टच काळात मागेपुढे जाण्याची आहे. बकरी मुख्याध्यापकांची टोपी दुसऱ्यांदा खाते तेव्हा मुलांना वाटते की थ्रेशर अडकले आणि तीच वेळ पुन्हा फिरली. नंतर 2061 मधून एकदम 2100 उजाडते, तर तेही त्यांना यंत्राचेच काम वाटते. मुले हसत पुस्तक परत करतात, पण गोष्टीचा मधला कणा त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. त्याच 16 पानांत थ्रेशर 2061 सोडून पुढे का निघाले ते सांगितले आहे, आणि भविष्यातल्या रेशन दुकानात आजीचा अंगठा यंत्राला ओळखू न येण्याचा प्रसंगही तिथेच आहे. पुस्तकातला सर्वांत हसवणारा भाग तोच आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की काळप्रवासाच्या पुस्तकाची पाने इतर पुस्तकांपेक्षा जास्त काळजीने तपासायला हवीत. इथे पानांचा घोळ वाचकाला घोळ म्हणून दिसत नाही.

चूक कुठे झाली असेल ते सांगतो. 96 पाने म्हणजे 16 पानांचे 6 फॉर्मे. मिळवणी करताना, म्हणजे फॉर्मे क्रमाने लावताना, चौथ्या ढिगाच्या जागी तिसऱ्याचाच ढीग ठेवला गेला असणार. पानांची एकूण संख्या 96 च राहते, जाडी तीच, वजन तेच, म्हणून गठ्ठा मोजून किंवा तोलून हा दोष सापडत नाही. यावर छापखान्यांत जुना उपाय आहे. प्रत्येक फॉर्म्याच्या पाठीच्या घडीवर एक काळी खूण छापायची, आणि पुढच्या फॉर्म्यावर ती थोडी खाली सरकवायची. सहा फॉर्मे नीट मिळवले की पाठीवर सहा पायऱ्यांचा जिना उतरतो. फॉर्मा दुबार लागला तर दोन खुणा एकाच ओळीत येतात आणि त्याखालची पायरी रिकामी राहते. शंभर प्रतींचा ढीग असला तरी ते लांबून दिसते. मात्र पाठ खरवडून डिंक लावायच्या बांधणीत ही खूण खरवडताना निघून जाते, त्यामुळे तपासणी त्याआधी व्हायला हवी. प्रत तयार झाल्यावर निदान 1, 17, 33, 49, 65 आणि 81 ही सहा पाने उघडून पाहावीत. एका प्रतीला अर्धा मिनिटही लागत नाही. अकरा प्रतींत चूक अगदी एकसारखी आहे, म्हणजे ती एकाच हाताने, एकाच ढिगातून झालेली आहे. त्या ढिगातल्या बाकीच्या प्रती इतर शाळांत आणि वाचनालयांत गेल्या असतील. तिथेही मुलांना ती गंमतच वाटत असेल, तेव्हा कृपया त्यांच्या तक्रारीची वाट पाहू नका.

बांधणीबद्दल थोडक्यात. मधली 8 रंगीत पाने गुळगुळीत आर्ट पेपरची आहेत आणि तीच आधी सुटत आहेत. असल्या कागदाच्या लेपावर गरम डिंक धरत नाही. पाठ खोल खरवडून कागदाचे तंतू मोकळे केले तरच तो आत मुरतो. इथे खरवडणे वरवरचे झाले आहे, सुटलेल्या पानाची कड जवळजवळ सरळ कापलेली दिसते. त्यात आमच्याकडचा मे महिना, 45 अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि टिनाच्या छताखालचे लोखंडी कपाट. तिथे हा डिंक मऊ पडतो, आणि पुस्तक पूर्ण उघडले की पाने निखळतात. विदर्भात जाणाऱ्या बालपुस्तकांना दोऱ्याची शिलाई द्यावी. खर्च वाढतो हे मान्य, पण एक प्रत पन्नास हातांतून जाते.

आता कालचक्राबद्दल. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बांधणीचा दोष काही प्रतींत आहे आणि हा सगळ्यांत.

पुस्तकाच्या शेवटी कालचक्र म्हणून पुठ्ठ्याच्या दोन चकत्या आणि एक पितळी पिन दिली आहे. वरची चकती फिरवून खिडकीत साल आणले की त्या सालातल्या तारखेचा वार कळतो. कल्पना फार चांगली आहे. खालच्या चकतीवर 28 कप्पे आहेत, कारण आठवड्याचे वार 7, लीप वर्ष दर 4 वर्षांनी, आणि सात चोक अठ्ठावीस. दर 28 वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा जुळतात. पण एक कप्पा 360 भागिले 28, म्हणजे 12 पूर्णांक 6/7 अंशांचा हवा. कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला तर आपला प्रत्येक कप्पा 13 अंशांचा भरतो. 27 कप्प्यांत 351 अंश संपतात आणि अठ्ठाविसाव्याला 9 च उरतात. त्यामुळे चकती पुढे फिरवत जावे तसा फरक साचत जातो आणि शेवटच्या सालांत खिडकीत दोन वार अर्धे अर्धे दिसतात. मुलांनी भोक वाकडे पाडले असे समजून वर्गात त्यांना बोलणी बसतील. चूक त्यांची नाही.

याहून मोठी चूक गोष्टीतच शिरली आहे. नायिकेचा जन्म 29 फेब्रुवारी 2016, सोमवारचा. दहा वर्षांची होऊनही तिचे खरे वाढदिवस दोनच झाले, 2020 आणि 2024 चे. म्हातारपणी आपल्या एकविसाव्या वाढदिवसाला किती माणसे येतात ते पाहायला ती 29 फेब्रुवारी 2100 ला जाते, आणि तोही सोमवारच निघतो. लेखकाने हा वार कालचक्रावरूनच काढला असावा. 28 गुणिले 3 म्हणजे 84 वर्षे, म्हणून वार तोच. पण 2100 हे लीप वर्ष नाही. शतकाचे साल 400 ने भागले गेले तरच लीप असते. 2000 होते, 2100 नाही. त्या वर्षी रविवार 28 फेब्रुवारीनंतर सोमवार 1 मार्च उजाडेल. पुस्तकातला शेवटचा प्रसंग, केक, भविष्यातले पाहुणे, बकरीने खाल्लेली मेणबत्ती, हे सगळे कॅलेंडरमध्ये नसलेल्या दिवशी घडते.

28 वर्षांचे चक्र 1 मार्च 1900 पासून 28 फेब्रुवारी 2100 पर्यंतच चालते. गोष्ट नेमकी जिथे पोचते तिथेच ते तुटते, आणि तिथून पुढे आपली चकती प्रत्येक वार एक दिवस पुढचा दाखवते. 15 ऑगस्ट 2100 ला ती सोमवार सांगते, खरा वार रविवार आहे.

दुरुस्तीने गोष्ट बिघडणार नाही, उलट ती जास्त खुलेल. 2016 नंतरचे 29 फेब्रुवारी मोजा : 2096 चा विसावा, आणि एकविसावा थेट 2104 चा, शुक्रवारी. म्हणजे एकविसावा वाढदिवस हा विनोद जसाच्या तसा राहतो, फक्त नायिका 84 ऐवजी 88 वर्षांची होते आणि मधली आठ वर्षे तिला वाढदिवसच येत नाही. थ्रेशर आधी 2100 ला थांबावे, 29 तारीख सापडू नये, मुलांनी रविवारी रात्री बारापर्यंत वाट पाहावी आणि समोर 1 मार्च यावा. एवढी आयती गंमत दिनदर्शिकेने दिली असताना ती सोडू नये, अशी लेखकाला आमची विनंती कळवावी.

चकतीवर छोटी चिकटपट्टी पुरेल : ‘1 मार्च 2100 पासून आलेल्या उत्तराच्या आदला वार घ्या.’ ही पट्टी 28 फेब्रुवारी 2200 पर्यंत चालेल. कप्प्यांच्या मापासाठी मात्र चकती नव्यानेच कापावी लागेल.

आभाळाच्या दोन गोष्टी. 28 जुलै 2061 ला मुले मध्यरात्री घराच्या धाब्यावर आडवी होऊन डोक्यावर हॅलेचा धूमकेतू पाहतात. तारीख बरोबर आहे, त्या दिवशी तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल. पण म्हणूनच तो आपल्याला आभाळात सूर्यापासून 36 अंशांपलीकडे दिसू शकत नाही. मध्यरात्री डोक्यावर येणे शक्य नाही, पाहायचा तर संध्याकाळी किंवा पहाटे क्षितिजाजवळ. शिवाय जुलै अखेर विदर्भात भर पावसाळा. गोष्टीतल्या आभाळाला एक ढगही नाही, हे शेतकऱ्याच्या पोरांना लगेच खटकते.

दुसरी गोष्ट तान्ह्या पोळ्याची. लाकडी नंदीबैल घेऊन मुले घरोघरी जातात, आणि मागे चित्रात पूर्ण चंद्र आहे. पोळा श्रावणातल्या अमावास्येचा, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशीचा, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा. त्या रात्री चंद्र जवळजवळ नसतोच. साल 2061 असो की 2401, पोळ्याला पौर्णिमा येणार नाही. चित्रकाराला एवढे सांगणारे कोणी कसे नव्हते, याचे वाईट वाटते, कारण बैलांच्या झुली आणि चाके मात्र त्याने फार प्रेमाने काढली आहेत.

भाषेचेही तसेच. यवतमाळकडची आजी ‘माका’, ‘तुका’ म्हणते. ही मालवणी झाली. वऱ्हाडीत ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘जाऊन राहिलो’ असे येते. दुसरी आवृत्ती काढण्याआधी संवाद इकडच्या कोणाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावेत.

थ्रेशर प्रकाशाच्या वेगाने कसे पळते हे आम्ही विचारणार नाही. गोष्टीत ते पळावे, खुशाल पळावे. पण पान 94 वर ‘खरे विज्ञान’ अशी चौकट आहे आणि तिला गोष्टीची सवलत देता येत नाही. चौकटीत लिहिले आहे की प्रकाशाच्या 90 टक्के वेगाने एक वर्ष प्रवास केला तर पृथ्वीवर 10 वर्षे जातात. खरे उत्तर साधारण 2.3 वर्षे. 99 टक्क्यांना 7 वर्षे हे बरोबर छापले आहे. मुलांना 74 वर्षे पुढे न्यायचे तर वेग सुमारे 99.991 टक्के लागेल. दशांश चिन्हापुढचा प्रत्येक नऊ किती मोलाचा आहे, हे दाखवणारा छोटा तक्ता तिथे शोभला असता.

त्याच चौकटीत विमानातले घड्याळ ‘काही मिनिटांनी’ मागे पडल्याचे म्हटले आहे. 1971 मध्ये सिझियमची अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती नेली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली घड्याळे साधारण 59 अब्जांश सेकंदांनी मागे पडली. मिनिटे छापली तर मुलांना वाटेल की नागपूरहून मुंबईला विमानाने गेलेला काका तरुण होऊन परत येतो. ‘उलटा वेग दिला की भूतकाळात परत येता येते’ हे वाक्य तर काढूनच टाकावे. वेग कुठल्याही दिशेचा असला तरी त्याने माणूस भविष्यातच जातो. परतीचा रस्ता गोष्टीत ठेवावा, चौकटीत नको. आणि 2100 पर्यंत ध्रुवतारा ‘सरकून गेल्यामुळे’ मुले वाट चुकतात असे लिहिले आहे, पण त्याच सुमाराला तो खगोलीय ध्रुवाच्या सर्वांत जवळ, अर्ध्या अंशाच्या आत असेल. वाट चुकवायचीच असेल तर ढगांनी चुकवावी.

आमच्या मागण्या अशा. 11 सदोष प्रती आपल्या खर्चाने परत न्याव्यात आणि त्याऐवजी पूर्ण प्रती द्याव्यात. त्या येईपर्यंत पाने 49 ते 64 चे छापील सुटे फॉर्मे 11 नग टपालाने लगेच पाठवावेत, मुलांनी गोष्ट अर्धी सोडलेली आहे. 40 प्रतींसाठी 40 नव्या चकत्या, आणि पान 94 वर चिकटवता येईल एवढ्या मापाचे शुद्धिपत्र द्यावे. सुटलेल्या रंगीत पानांच्या प्रती आम्ही इथे शिवून घेऊ शकतो, त्याचा खर्च मागत नाही. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

सदोष प्रतींतली पाने 32-33, 48-33 आणि 48-65 यांचे फोटो, तसेच कोनमापक ठेवलेल्या चकतीचा फोटो सोबत आहे. प्रती परत पाठवण्यासाठी बांधून ठेवल्या आहेत. पावसाळ्यामुळे कुरिअरवाल्याला प्लास्टिकचे आवरण घेऊन यायला सांगावे.

आपले,
बालविभाग, गावचे सार्वजनिक वाचनालय
जि. यवतमाळ